सात जणांची आठ पानं

तिला वाटलं होतं, पहिल्या दिवशी सगळे कॅमेरे बंद असतील. काळे चौकोन, कुणाचं तरी खाकरणं, आणि "मॅडम, आवाज येत नाहीये." परदेशात दोन वर्षं शिकून ती परतली होती ती असल्या काळ्या चौकोनांना जागं करायलाच. आपापल्या घरी बसून काम करणाऱ्यांना स्क्रम शिकवायचं: कामाचे दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडायचे, रोज पंधरा मिनिटं एकत्र बोलायचं आणि काही म्हणजे काही लपवायचं नाही. यातल्या शेवटच्या गोष्टीवर तिची श्रद्धाच होती. आई म्हणाली होती, "एवढं शिकून आलीस ते लोकांना रोज सकाळी एकमेकांची तोंडं बघायला लावायला?"

आणि सापडलं भलतंच. सात चौकोन, सातही उजळलेले. सर्वांत वयस्कर प्रोग्रामरला सगळे काका म्हणत, सर्वांत धाकटीला चिमणी. थट्टामस्करी चालली होती आणि कामही होत होतं. तिचा जीव सुखावला. कंपनीने तिला बजावलं होतं, तीन दिवस प्रत्यक्ष काम करवून घ्या आणि अहवाल द्या. ही टीम स्वतःच्या पायावर उभी आहे असं लिहिलंत तर राहील, नाहीतर सोमवारी मोडून माणसं इकडेतिकडे वाटून टाकू.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंदाजाचा सराव होता. एक काम वाचायचं. ते किती अवघड, याचा आकडा प्रत्येकाने पत्त्यासारख्या पानावर मनाशी निवडायचा. 'उघडा' म्हटलं की सगळी पानं पडद्यावर एकदम उलटतात. सर्वांत मोठा आकडा ज्याचा, त्याने कारण सांगायचं. शिकवणाऱ्याने पान टाकायचं नाही. काम साधंच होतं, पासवर्ड बदलायची सोय नव्याने करायची.

"उघडा," ती म्हणाली.

तीन, तीन, दोन, तीन, पाच, तीन, तीन. आणि तेरा.

तिने पुन्हा मोजलं. आठ.

"कुणाचं दोनदा पडलं का?"

"छे हो. तेरा ताईचं," काका म्हणाले. "तेराच धरा."

"ताई कोण?"

"आमची टेस्टर, सगळ्यांच्या चुका हुडकायची. मागच्या वर्षी वारली," चिमणीने सांगितलं, जणू कुणी बाजारात गेल्याचं सांगावं. "थांबा ना मॅडम… कारण सांगतेय ती."

सगळे कान देऊन ऐकू लागले. स्क्रीनवर उन्हाची तिरीप येते म्हणून तिने खिडकीचे पडदे ओढले होते. खोलीत मातकट उजेड होता. हेडफोनमध्ये अगदी हलका आवाज यायला लागला. कपात चमचा फिरत होता. सावकाश, काठाला लागत. सातही माना मधूनच डोलत होत्या. कुणीतरी हसलं. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

चमचा वाजतच राहिला.

खोलीत ताज्या चहाचा वास पसरला होता. दार आतून बंद होतं, आणि आई बाहेर गेलेली.

"हां, बरोबर," काकांचा आवाज हेडफोनमधून बारीक आला. चिमणीने टाइप केलं: जुन्या ग्राहकांचे पासवर्ड दुसऱ्याच सर्व्हरवर आहेत. काकांनी तिथे शोधलं. होते.

सगळे गेल्यावर तिने काकांना थांबवून घेतलं. "हे अहवालात कसं लिहू, काका?"

"लपवायचं नाही, तुम्हीच शिकवलंत. लिहा." ते जरा घुटमळले. "फक्त आम्हाला वेगळं करू नका, पोरी. आम्ही सात ठिकाणी पांगलो तर ती बिचारी कुणाकडे जाईल?"

"भीती नाही वाटत?"

"तिची?" काका हसले. "अगं, तिची भीती चुकांना."

घाबरायला हवं होतं, पण तिला आपलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटत राहिलं. झोपेपर्यंत मनाशी ठरलंही होतं. टीममध्ये आठ जण आहेत असं उघड लिहायचं. हसणारे हसोत.

तिसऱ्या दिवशी सकाळी पहिलंच काम तिने वाचलं. "उघडा."

पानं उलटली. चमचा वाजला, ताईचं पाच होतं. आणि त्याच्या पलीकडे आणखी एक, नववं पान होतं. त्यावर आकडाच नव्हता.

चिमणीने टाळी वाजवली. "मॅडमनी पण टाकलं! आता तुम्ही आमच्यातल्या."

सगळे हसले. काका तेवढे हसले नाहीत. ते पडद्याच्या अगदी जवळ आले होते.

"मॅडम… तुमचंच ना ते?"

चमचा थांबला होता. इतका वेळ तिचे दोन्ही हात मांडीवर होते. सात चेहरे तिच्याकडे पाहत होते, लोभाने, निवांत.

"हो," ती म्हणाली. "माझंच."

मग तिने अहवाल उघडला. 'ही टीम मोडू नये,' असं लिहिलं, त्याखाली कारणं लिहिली, आणि त्यातला प्रत्येक शब्द तिला पटलेला होता. सदस्यसंख्येच्या रकान्यात तिने आठ लिहिलं. ते खोडलं. बराच वेळ ती त्या रिकाम्या चौकटीकडे बघत राहिली. शेवटी तिने दोनच शब्द लिहिले आणि अहवाल पाठवून दिला.

'मोजू नयेत.'