पाहुण्याच्या तोंडचा शब्द

मॉन्तेविदेओच्या कोर्दोन भागात, तिसऱ्या मजल्यावरील आपल्या खोलीत, वयोवृद्ध भाषांतरकार अनिबाल इचेवेरी दुपारी मुद्रिते तपाशीत बसले होते. नॉर्वेचे दिवंगत लेखक यालमार सुंद्बी यांच्या ‘दुपारचा पाहुणा’ या कल्पितकथेची ही अकरावी आवृत्ती. स्वदेशात सुंद्बींना कोणी मोठे लेखक मानीत नसे. उरुग्वेचे समीक्षक मात्र तीस वर्षे त्यांना भयाचे आचार्य मानीत आले होते. त्या साऱ्या समीक्षांची कात्रणे अनिबाल यांनी जपली होती. पत्नी एल्विरा निवर्तल्यापासून तेवढाच त्यांचा गोतावळा उरला होता.

त्याच दिवशी ओस्लोहून एका अभ्यासक बाईंचे पत्र आले. ‘आमच्याकडे ही मुलांना वाचून दाखवण्याची गोड गोष्ट आहे. परग्रहावरचा पाहुणा चहा पितो, दर पेल्याला आभार मानतो आणि संध्याकाळी निघून जातो. तुमचे समीक्षक तो जातच नाही, असे का लिहितात?’

अनिबाल यांनी मूळ ग्रंथ उघडून आपल्या भाषांतराशी ताडून पाहिला. चहाच्या जागी त्यांनी उरुग्वेत घरोघरी पितात तो येर्बाच्या पानांचा कडू काढा घातला होता. एकाच तुंब्यातून, एकाच नळीने, आळीपाळीने प्यायचा. तुंबा परत करताना ‘आभारी आहे’ म्हटले की ‘आता पुरे’ असाच त्याचा अर्थ. पाहुणा पहिल्याच खेपेला उठून जाऊ नये म्हणून त्यांनी ते शब्द गाळले होते. गाळता गाळता निरोपाचा शेवटचा ‘आभारी आहे’ही गळाला होता, म्हणून पाहुणा जातच नव्हता.

त्यांनी प्रकाशिका मिर्ता हिला फोन केला.

“आता दुरुस्त करायला निघालात?” ती म्हणाली. “अहो, तो जात नाही म्हणून तर लोक पुस्तक घेतात.”

“चूक माझी आहे, मिर्ता.”

“मग लपवा की चारचौघांसारखी. आणि दुपारी कोण येतं हो तुमच्याकडे? तुमची शेजारीण सांगत होती, भिंतीतून दोघांचे फुरके ऐकू येतात.”

“एकटाच असतो मी.”

“छान. म्हणजे भांडण तरी नाही.”

अनिबाल यांनी फोन ठेवला. जुन्या सवयीने ते दुसरी खेप एल्विराच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवीत. वर्षभरापासून तो तुंबा रिकामा सापडे. सहापर्यंत पुरणारा थर्मास चारलाच संपे. नळीला ओल्या लोकरीसारखा वास येई. आपणच पिऊन विसरतो, असे त्यांनी मनाला बजावले होते. तथापि ही वेळ त्यांना प्रिय झाली होती, हे त्यांना कळत होते.

मुद्रितांच्या शेवटच्या पानावर ‘पाहुणा गप्प होता’ असे वाक्य होते. ते त्यांनी लाल शाईने खोडले. वर लिहिले : ‘आभारी आहे, असे म्हणून पाहुणा निघून गेला.’



त्यांनी तुंबा भरून समोर ठेवला आणि ते पाणी तापवायला आत गेले. मागे तुंबा रिकामा झाल्याचा, नळीचा शेवटचा, कोरडा आवाज आला.

ते परतले.

लाल वाक्यावर हिरवट, ओली रेघ ओढलेली होती. खोडलेल्या जुन्या वाक्याखाली ठिपके होते. ‘जसे आहे तसे राहू द्या’, ही मुद्रितशोधकांची खूण.

खोलीत कोणीही नव्हते.

शेवटच्या शब्दाखाली एक ठिपका त्यांच्या डोळ्यांदेखत उमटला.

 अनिबाल यांनी लाल पेनाला टोपण लावले, खुर्चीत बसून थर्मास जवळ ओढला.

“पाणी फार गरम नव्हतं ना?” त्यांनी विचारले.

टेबलावरचा तुंबा वीतभर त्यांच्याकडे सरकला.