बोलण्याआधी पडणारी रेघ

परळच्या एका संशोधन संस्थेच्या तळघरात ऋता मंगळवारी सकाळी नेहमीसारखी कामाला बसली. सोन्याचे दोन अतिसूक्ष्म स्फटिक, आणि दोघांच्या मध्ये पुलासारखा अडकलेला एकच रेणू. त्यातून वीज कशी वाहते, एवढंच मोजायचं होतं. चार वर्षांत शेकडो जोड्या वाया गेल्या होत्या. ही पहिलीच टिकली होती. ही गेली तर प्रबंधही गेला.

हात यंत्रात गुंतलेले, म्हणून नोंदी ती तोंडी करायची. तिचा आवाज आणि विजेचा आलेख एकाच संगणकावर, एकाच घड्याळाने नोंदला जाई.

"तापमान उणे दोनशे एकोणसत्तर. प्रवाह स्थिर," ती म्हणाली, आणि पडद्यावरची रेघ शून्यावर पडलेली दिसली. ती गप्प झाली. रेघ वर आली.

आवाजाचा हादरा बसत असेल. खात्रीसाठी तिने लवूकाकांना बोलावलं. ते तिथले जुने तंत्रज्ञ, डिलाईल रोडला राहणारे.

"काका, काहीतरी बोला ना."

"काय बोलू गो?"

रेघ पुन्हा पडली. ऋताने आलेख मोठा केला आणि वेळा पुन्हा एकदा तपासल्या. रेघ आधी पडत होती. शब्द तीन सेकंदांनी येत होता.

भीती वाटली, पण कुतूहल त्याहून मोठं. तिने काकांना बाहेर पाठवलं आणि ओठ घट्ट मिटले. आता रेघ पडली तरी बोलायचंच नाही. पंपाची धपधप, तापलेल्या तेलाचा वास. दहा मिनिटं गेली. रेघ पडली. एक... दोन...

पाठीमागे दार करकरलं.

"कोण?" तिच्या तोंडून निसटलंच.

"मीच गो. जेवूक चल."

मोजणी चालू ठेवून तिने खोलीला कुलूप लावलं. किल्ली जेवतानाही तिच्या मुठीतच होती. तासाभराने दोघं परतले. रिकाम्या खोलीत रेघ कितीतरी वेळा पडली होती. जरा वेळ, मग बराच वेळ, मग पुन्हा जरा वेळ. कुणी विचारावं, कुणी सविस्तर सांगावं, तशी.

तिने ध्वनिमुद्रण मोठ्याने लावलं. नुसती पंपाची धपधप.

"काय ऐकू येता...?" काका कुजबुजले.

तिने नकारार्थी मान हलवली आणि पडद्याकडे बोट केलं. दोघांनी कुलूप उघडलं, त्या क्षणी रेघ शेवटची पडली होती, ती अजून खालीच होती.

आता दोघंही गप्प उभे होते. तरी रेघ वर येत नव्हती.