पुसलेल्या टिपा

वल्लरी आमोदला पोलादपूरच्या एसटी स्टँडवर पहिल्यांदा दिसली, ती त्यालाच नावं ठेवताना.

"आंबेनळी घाट चालू की बंद, एवढं सांगायला ही वेबसाइट. उघडते झटकन, पण कालची माहिती दाखवते. कोणी केलीय कोण जाणे."

"मी," बाकाच्या टोकावरून आमोद म्हणाला. "काल ताप होता…"

"आणि तुमच्याशिवाय कोणालाच जमत नाही?"

"माझ्या कोडमध्ये कोणी शिरत नाही."

"मी शिरते," ती म्हणाली. महाडच्या कॉलेजात ती संगणक शिकवायची.

आमोदने कोड तिला बघायला खुलं करून दिलं. बुधवारी तिचा पहिला फोन आला. ही ओळ कशाला, घाट बंद दाखवायचा तो नियम कुठला… बोलता बोलता तास गेला. गुरुवारी सकाळी आमोदने एक गाढवपणा केला. कोडमध्ये स्वतःसाठी लिहिलेल्या साऱ्या टिपा त्याने पुसून टाकल्या. टिपा वाचून तिला सगळं कळलं, तर ती फोन कशाला करील?

फोन रोज येत राहिले. महिन्याभरात वल्लरीने तीच वेबसाइट फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार पण जड सांगाड्यावर, नव्याने बांधली. नीट कप्पे पाडलेली, उद्या कोणीही दुरुस्त करावी अशी. ती घेऊन दोघं घाटावरच्या वाडीत साळूबाईंकडे गेले. शेळ्या बाजाराला नेण्याआधी साळूबाई रोज घाटाची खबर बघायच्या. त्यांनी फोन उंच धरला. रेंजची एकच दांडी. पडदा पांढराच राहिला.

"तुझी उघडत नाय गो. याची बरी हाय."

"पण याची बिघडली की कोणाला दुरुस्त करता येत नाही, मावशी."

"मग तुमी भांडा. मी चाय ठेवते."

उतरताना भुरभुर सुरू झाली. छत्री एकच होती…

"फ्रेमवर्क आपल्याच संगणकावर ठेवू," वल्लरी म्हणाली. "पानं तिथेच तयार करायची. फोनवर नुसतं तयार, साधं पान जाईल. उघडायला हलकं, सांभाळायला सोपं."

उपाय बिनचूक होता. आमोदला मात्र तो नको होता. आता तिला विचारायला काही उरणार नव्हतं.

"जुने नियम तेवढे टिपांसकट द्या."

"टिपा… नाहीत."

"होत्या." ती थांबली. "कोडच्या जुन्या प्रती राहतात ना, आमोद. कोणी काय कधी पुसलं, सगळं दिसतं. बुधवारी मी फोन केला, गुरुवारी टिपा गेल्या."

त्याचे कान तापले. "कधी कळलं?"

"त्याच शुक्रवारी. जुन्या प्रतीतून वाचूनही काढल्या."

"मग… महिनाभर मला का विचारत होतात?"

"फोन ठेवताना तुम्ही तीन-तीनदा 'बरं मग' म्हणता. ते ऐकायला."

आमोदला हसूच आलं.

"आता सोपं झाल्यावरही फोन कराल?"

"नाही," वल्लरी म्हणाली, आणि छत्री त्याच्याकडे कलती केली. "सरळ येईन. महाडहून तुमच्या पोलादपूरला येताना घाट लागत नाही."