घरी पक्षी नाहीत ना?

"धू धू धुवून माझी कातडी पातळ झाली बाई. हा गमबूट स्वतःच्या लग्नात नवरीलासुद्धा आधी औषधाच्या पाण्यात उभी करेल," पडद्यापलीकडून शेजारीण कुरकुरली.

पडद्याअलीकडे अंघोळ करणारी ती फिसकन हसली. पोल्ट्रीतल्या त्या न्हाणीघराला भिंती कमी, पडदे जास्त. शेडचे कपडे चढवून, ओले केस बांधत ती बोळात आली... तर समोर तोच! बायका ज्याला मागून गमबूट म्हणायच्या, तो नवा सुपरवायझर. हातात धुतलेल्या टोप्यांची चळत.

"नवरी अंडी गोळा करणारी असली, तर तिला सवय असते," तो टोप्यांकडे बघत म्हणाला.

तिला कुठे बघावं ते कळेना. तिने स्वतःच्या बुटांकडे बघितलं.

पुढे रोज सकाळी गेटवर तो सगळ्यांना विचारायचा तेच तिलाही विचारायचा, फक्त जरा हळू – "घरी पक्षी नाहीत ना?" बाहेरच्या कोंबडीचा रोग माणसाच्या हातांवर, कपड्यांवर बसून आत येतो. पलीकडच्या पोल्ट्रीत तो असाच शिरला, सगळे पक्षी पुरावे लागले, आणि तिथल्या बायका अजून काम शोधत होत्या.

"नाहीत," ती म्हणायची. आणि त्याची नजर चुकवून आत शिरायची.

कारण घरी एक कोंबडी होती. बाबांनी शेवटच्या आजारपणाआधी आणलेलं पिल्लू, आता म्हातारं झालेलं. अंडं देत नव्हती, पण आईच्या पायात पायात घुटमळायची. तिला सोडून ये, असं आईला सांगायला जीभ रेटत नव्हती. मायलेकी तिला कोंबडी म्हणतच नसत. 'पाहुणी' म्हणत. पाहुणीने खाल्लं का, पाहुणीला आत घे.

त्या अपराधापोटी ती कोपरापर्यंत हात घासायची, नखं लाल होईस्तोवर. आणि तो वेडा सगळ्या बायकांना सांगायचा, हात धुवायचे तर हिच्यासारखे! तेव्हा तिला जमीन दुभंगली तर बरं, असं व्हायचं.

एकदा गेटवर तो म्हणाला, "थांबा... केसात काहीतरी आहे." बोटं हलकेच टेकली, मूठ मिटली, खिशात गेली. त्या दिवशी प्रश्न विचारायचं तो विसरला. तीही सांगायचं विसरली. न्हाणीघरात थंड पाण्याखाली उभी असूनही तिचे कान गरमच राहिले.

मग तो घरी येऊ का विचारू लागला. ती कधी आईचे गुडघे पुढे करी, कधी घर लहान आहे म्हणे. त्याचा चेहरा उतरला. मी नको असेन तर स्पष्ट सांगा, म्हणाला. तिने मान हलवली, पण कुठल्या बाजूला ते तिलाच कळलं नाही.

शेवटी सुट्टीच्या दिवशी तो न कळवताच आला, थोरल्या बहिणीला घेऊन. आईने पाहुणीला मोरीत लोटलं, दार ओढलं, आणि इतका गोड चहा केला की ताईंनी एका घोटानंतरच कप खाली ठेवला.

तेवढ्यात मोरीतून आवाज आला – कॉक्... कॉक् कॉक्.

आई खोकली. ताई भिंतीवरच्या घड्याळाचं कौतुक करू लागल्या. आणि तो, गेटवर कुणाच्या बापाचं न ऐकणारा तो, मान खाली घालून म्हणाला, "चहा छान झालाय."

त्याचे कान लाल झाले होते. त्याने ऐकलं होतं. आणि तिच्यासाठी तो ते गिळत होता. आजवरची सगळी लाज एकीकडे, ही एकीकडे.

"ती कोंबडी आहे," ती म्हणाली. "आमचीच. मी तुम्हाला रोज खोटं सांगत आले. उद्यापासून मला आत घेऊ नका."

आईने पदर तोंडाला लावला. घड्याळाचं कौतुक थांबलं.

त्याने कप खाली ठेवला.

"त्या दिवशी तुझ्या केसातून काढलं ना..." पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणत होता, "ते तपकिरी पीस होतं. शेडमधले आपले सगळे पक्षी पांढरे. तेव्हाच परत पाठवायला हवं होतं मी तुला."

"मग का नाही पाठवलंत?"

"दिवसभर दिसली नसतीस," तो म्हणाला.