घाटावरची रेती

खुशालचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. चिमूरजवळच्या रिसॉर्टातला स्विमिंग पूल तो सहा वर्षं सांभाळत होता, पण पाण्यानं त्याला असं कधी छळलं नव्हतं. फिल्टरची खास रेती नागपूरहून यायची होती, ती आलीच नाही. लग्नाचे पाहुणे मात्र उद्याच येणार. म्हणून पठ्ठ्यानं परवा सावली गावाकडून वैनगंगेची रेती आणली आणि चाळून फिल्टरच्या टाकीत भरली. रेती ती रेती! आता उद्यापर्यंत पूलचा तळ दिसला नाही, तर नोकरी गेलीच म्हणून समजा.

पाणी गढूळ ते गढूळच. दाबाचा काटा चढलेला. खुशालनं पाचव्यांदा उलटं पाणी सोडून रेती धुतली. मागच्या खड्ड्यात घाण येऊन पडली आणि तो भडकला.

"च्या मायले! पुन्हा भात?"

भातच होता. शिजवून मुठीनं वळलेला, वर काळे तीळ. एवढ्या जोराच्या पाण्यातून आलेला गोळा फुटला कसा नाही, हेच त्याला कळेना.

झाडलोट करणारी रुखमाबाई खराटा टाकून उभी राहिली. कुंपणावर कावळ्यांची रांग बसली होती. भर दुपारी एकही ओरडत नव्हता, एकही खाली उतरत नव्हता.

"रेती कुठची आणली रे भाऊ?"

"घाटावरची."

"जिथी दहावं करतात... त्या घाटावरची?"

खुशाल पुन्हा दाबाच्या काट्याकडं वळला.

"कावळा शिवून नाई राह्यला... कोणाची तरी इच्छा राह्यली. त्याले काहीतरी कबूल कर. पन झेपन तेवढंच कबूल कर..."

इच्छा! इथं जित्याची नोकरी बुडत होती आणि हिला मेल्याची काळजी. खुशालला राहवलं नाही. खड्ड्याकडे तोंड करून तो खेकसला, "काय पायजे ते घे ना बाप्पा! पन माझा पिच्छा सोड!"

सगळे कावळे एकदम खाली आले. भाताचं शीतही उरलं नाही. काटा उतरला, आणि घटकाभरात पूलचा तळ स्वच्छ दिसू लागला. मॅनेजरनं त्याची पाठ थोपटली. रुखमाबाई मात्र जाताना त्याला लांबून वळसा घालून गेली.

संध्याकाळी घरी तो जेवायला बसला तेव्हा पोटात नुसती आग पडली होती. त्याच्या बायकोनं, करिष्मानं, तिसऱ्यांदा भात वाढला. दाताखाली कचकच लागत होती, तरी घास थांबेना.

"अजी..." ती हळूच म्हणाली, "डाव्या हातानं काऊन जेवून राह्यले?"

खुशालनं खाली पाहिलं. उजवा हात मांडीवर लुळा पडला होता. 'हा मी नाई जेवत,' असं त्याला तिला सांगायचं होतं. पण डाव्या हातानं पुढचा घास आधीच तोंडात कोंबला होता.