पेटीतल्या मशीनचा भाव

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी तिथे हजर होते, एवढंच सांगते.

मागच्या हिवाळ्यातला रविवार. भर दुपार. तिसऱ्या मजल्यावरचं एक कोंदट घर.

माझी मावशी शिवणकाम करते. मी तिच्याच दुकानात काज-बटणं करते. एक जुनं हातमशीन विकायला आहे असं कळलं. लाकडी पेटीतलं, उचलून कुठेही नेता येईल असं.

दार त्या घरच्या सुनेने उघडलं.

"लवकर आटपा. सासूबाईंचं होतं, त्या गेल्या. मला ते डोळ्यांसमोर नकोय."

मावशीने चाक फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. पेटी शाबूत, किल्लीसकट. ती माझ्या कानात पुटपुटली, "असं चालू मशीन पाच हजारांनाही स्वस्त."

मग तोंड वाकडं करून सुनेला म्हणाली, "भंगार आहे हो. पाचशे देईन."

"पाच हजार..."

आवाज आतल्या खोलीतून आला. म्हाताऱ्या बाईचा. घोगरा.

"एवढे कोण देणार, आजी?" मावशी हसली.

सून पांढरीफटक पडली. "कोणाशी बोलताय?"

खोलीचं दार सताड उघडं होतं. आत एक खाट. गुंडाळलेली गादी.

बस्स.

"पाचशे ठेवा आणि चालत्या व्हा!" सून ओरडली.

आम्ही चालत्या झालो.

मशीन झकास चालायचं. पण आठवडाही झाला नसेल, एक गिऱ्हाईक तणतणत आलं. नवा शर्ट त्याने मावशीच्या तोंडावर भिरकावला.

"हात कुठून घालू? तुमच्या डोक्यातून?"

दोन्ही बाह्यांची तोंडं शिवलेली होती... बारीक, घट्ट टीप.

मावशी माझ्यावर उखडली. मी तिच्यावर. आमच्यापैकी कुणीच तसं शिवलं नव्हतं.

मग दुसरा शर्ट परत आला. मग एका मुलीचा फ्रॉक.

एका दुपारी मावशीला टेबलावर डोकं टेकून डुलकी लागली. जागी झाली, पण उठता येईना.

तिच्या स्वेटरची बाही... टेबलावरच्या कापडाला शिवलेली होती.

मशीन पेटीत बंद होतं. किल्ली माझ्याकडे होती.

"चल," ती बाही उसवत म्हणाली. "राहिलेले पैसे देऊ, आणि ही ब्यादही तिथेच ठेवू."

आम्ही त्या घराची बेल वाजवली.



पुन्हा वाजवली. आतून सून किंचाळली, "मला उघडता येत नाहीये!"

आणि... कडी सरकली.

दार उघडलं.

सून समोरच्या भिंतीला पाठ लावून उभी होती. दारापासून कितीतरी लांब. तिच्या गाउनच्या दोन्ही बाह्यांची तोंडं शिवलेली. हात आत अडकलेले.

"मग दार कुणी उघडलं?" मी विचारलं.

ती दाराच्या मागे बघत राहिली.

माझी तिकडे बघायची छाती झाली नाही. मावशीने पैसे जमिनीवर टाकले, पेटी उंबऱ्यातच ठेवली आणि कात्रीने टीप उसवायला घेतली.

मध्येच ती थांबली.

"गाठी आतून मारल्यात गं."

"लवकर कापा हो," सून रडत म्हणाली. "माझी बोटं धरून ठेवलीयत... आत."

टीप सुटली. दोन्ही हात बाहेर आले. बोटं निळी पडली होती.

तिला तशीच जिन्यापर्यंत ओढत आणलं. पुढे त्या घरात काय झालं, ठाऊक नाही. मावशी विषय काढू देत नाही.

मी मात्र काहीही घालण्याआधी बाही चाचपून बघते. रिकामीच असते.

आतापर्यंत तरी...