दोघांपुरती गाडी

आम्ही दोघांनी एकाच वेळी त्या गाडीच्या दारांवर हात ठेवला. मी उजवीकडून, त्याने डावीकडून.

"हीच," मी म्हणाले.

"हीच," तो म्हणाला.

मग पहिल्यांदा आम्ही गाडीवरची नजर काढून एकमेकांकडे पाहिलं. तो उंच होता. केस कपाळावर आलेले, बाहीला कुठल्यातरी प्राण्याचे पांढरे केस चिकटलेले, आणि चेहरा खेळण्यांच्या दुकानात शिरलेल्या पोरासारखा. माझाही तसाच असणार, कारण तो माझ्याकडे बघून हसला.

जुन्या गाड्यांच्या त्या आवारात बाकी सगळ्या पांढऱ्या-करड्या, शहाण्यासारख्या रांगेत उभ्या होत्या. ही एकटी गडद निळी. आत तपकिरी चामड्याच्या दोनच सीटा, आणि बटण दाबलं की मागे दुमडून जाणारं छप्पर. नवी होती तेव्हा माझ्यासारखीने तिच्या काचेत आपलं तोंड बघावं, एवढंच. पण वय झालं की बड्या घरच्या गाड्यांचाही तोरा उतरतो. ही आता एखाद्या साध्या नव्या गाडीच्या भावात मिळत होती, आणि जाहिरात बघितल्यापासून माझा जीव तिच्यात अडकला होता.

घरी कुणालाच पटलेलं नव्हतं. "बिनछपराची गाडी तर हातगाडीसुद्धा असते," बाबा म्हणाले होते. "दोनच सीटा? म्हणजे आम्हाला कटवायचा बेत आहे," ताई म्हणाली होती. आईला फक्त माझ्या केसांची काळजी. पण मी दिवसभर दवाखान्याच्या तळघरात, खिडकी नसलेल्या खोलीत लोकांना व्यायाम देते. आखडलेले खांदे, न वाकणारे गुडघे... आणि डोक्यावर ट्यूबलाइट. मला आभाळ हवं होतं. रोज, घरी जाताना, थोडंसं.

आवाराच्या मालकांना सगळे काका म्हणत. ते किल्ली घेऊन आले, त्याच्याकडे बघून काहीतरी बोलायला गेले, पण त्याने हलकेच मान हलवली आणि ते गप्प झाले. मी तेव्हा गाडीच्या दिव्यांवरून हात फिरवत होते. दोन गिऱ्हाइकं आणि एक गाडी, एवढंच माझ्या डोक्यात.

"एकच फेरी मिळेल," काका म्हणाले. "दोघांनी मिळून जा. सीटा दोन आहेत, मी काही कुणाच्या मांडीवर बसणार नाही. तुमच्या स्कूटर इथे ठेवा, किल्ल्यांसकट."

त्याने आपली फुगलेली बॅग डिकीत कोंबली आणि मी विचारायच्या आत शेजारच्या सीटवर जाऊन बसला. "जाताना तुम्ही चालवा," म्हणाला. "येताना मी."

इंजिन सुरू झालं. तो आवाज मी कानांनी नाही, पोटात ऐकला. मी स्टिअरिंग जरा जास्तच घट्ट धरलं.

"टायर झिजलेत," रस्त्याला लागल्या लागल्या तो म्हणाला. "तुम्ही नाद सोडा."

"सीटचं चामडं भेगाळलंय. तुमच्यासारख्या टापटीप माणसाला खपणार नाही."

त्याने बाहीवरचे केस झटकले. ते जागचे हलले नाहीत. "खर्चाचा विचार केलात? नुसतं छप्पर बिघडलं तरी कंबरडं मोडेल. त्यापेक्षा हत्ती पोसलेला परवडला."

"तुम्ही पोसता?"

"अजून नाही. जनावरांचा डॉक्टर आहे मी. एखादा दारात येऊन उभा राहिला तर नाही म्हणवणार नाही."

मला हसू आवरेना. समोर नदीवरचा पूल आला, रस्ता मोकळा झाला. मी गाडी बाजूला घेतली. "दाबू?" मी विचारलं.

"मला काय विचारता? दाबा."

मी बटण दाबलं. आधी एक बारीकसा घर्रर्र आवाज, मग डोक्यावरचं छत उचललं गेलं, दुमडलं... आणि अख्खं आभाळ आत आलं. ढग, उन्हाची तिरीप, नदीचा ओला वास, सगळं एकदम. मी गाडी पुढे काढली. वाऱ्याने माझ्या केसांची क्लिप कुठल्या कुठे नेली. मी ओरडले की गायले, आता आठवत नाही. बाजूला बघितलं तर तो आभाळाकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, आणि पकडला गेल्यावर घाईघाईने टायरबद्दल काहीतरी बोलला.

आणि मग पहिला थेंब पडला. नेमका माझ्या नाकावर.

गाडी थांबवून मी बटण दाबलं. छप्पर निम्मं वर आलं आणि तिथेच घोडं अडलं. ना खाली, ना वर. पाऊस मात्र अडला नाही. बसथांब्यावरची माणसं आमच्याकडे बघून मनमुराद हसली. एका आजींनी तर आपली छत्री उंच करून दाखवली.

हळूहळू गाडी चालवत कसाबसा एक पेट्रोल पंप गाठला. पंपाच्या छताखाली उभे राहिलो तेव्हा आम्ही दोघं निथळत होतो. त्याने खिशातून रुमाल काढला, तोही ओलाच. तरी तो त्याने मला दिला, आणि मी घेतला.

"तुम्हाला ही कशाला हवी?" मी विचारलं. "खरं सांगा."

त्याने कपाळावरचे ओले केस मागे सारले. "माझ्याकडे येणारं कुणी स्वतःहून येत नाही. घाबरलेली मांजरं, चिडलेले कुत्रे... दिवसभर मी कुणाला तरी घट्ट धरून ठेवत असतो. वाटलं, आपल्याकडे एक तरी गोष्ट अशी असावी, जी मोकळी सुटते." मग लाजल्यासारखा हसला. "तुम्हाला?"

मी तळघराचं सांगितलं. ट्यूबलाइटचं, आभाळाचं. तो ऐकत होता... असं कुणी ऐकलं की माणूस गरजेपेक्षा जास्त बोलून जातो. मीही बोलले. पाऊस थांबला तरी बोलत होते.

शेवटी तो मागे गेला, डिकी उघडली, बॅग बाहेर काढली आणि सामान व दुमडलेलं छप्पर यांच्या मधला पडदा सरळ करून म्हणाला, "आता दाबा."

छप्पर शहाण्यासारखं मिटलं.

"गाडी पळताना बॅग घसरली, तिने पडदा सरकवला होता," तो म्हणाला. "तो जागेवर नसला की छप्पर हलत नाही."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"इथे आलो तेव्हाच."

"मग एवढा वेळ का नाही सांगितलंत?"

तो बॅगेच्या चेनशी खेळत राहिला. "सांगितलं असतं तर... निघावं लागलं असतं."

परत येताना ठरल्याप्रमाणे त्याने चालवायची होती, पण त्याने किल्ली माझ्याच हातात ठेवली. आवारात पोचल्यावर काकांना म्हणाला, "गाडी यांची." आणि मी काही बोलायच्या आत स्कूटर चालू करून निघूनही गेला. नाव नाही, नंबर नाही. माझ्या मुठीत त्याचा ओला रुमाल.

गाडी घरी आली. बाबा तिच्याभोवती दोनदा फिरले, नाक मुरडलं, आणि मग हळूच म्हणाले, "जरा बसून बघू का?" ताईने सगळ्यात आधी फोटो काढून घेतले. आनंद माझ्या पोटात मावत नव्हता. तरी सिग्नलला थांबले की नजर शेजारच्या सीटवर जायची. ती रिकामी असायची, आणि मला उगाचच राग यायचा.

उरलेली कागदपत्रं आणायला काकांकडे गेले, तेव्हा ते बोलता बोलता म्हणाले, "नशीबवान आहेस पोरी. डॉक्टर आधीच बयाणा देऊन गेला होता. त्या दिवशी गाडी न्यायलाच आला होता तो. तुला बघून त्याने मला मानेनेच गप्प केलं."

माझे कानच तापले. काकांकडून पत्ता घेऊन जी निघाले ती थेट पुलापलीकडच्या त्याच्या जनावरांच्या दवाखान्यात. तो एका भल्यामोठ्या, ओरबाडणाऱ्या बोक्याच्या पायाला पट्टी बांधत होता. मला बघून त्याचे हात थांबले. बोक्याने संधी साधून उडी मारली आणि कपाटावर जाऊन बसला.

"गाडी बिघडली?" त्याने विचारलं.

"गाडी तुमची होती."

"...काकांच्या पोटात काही राहत नाही."

"माझ्यावर दया केलीत?"

"दया?" तो हातमोजे काढत जवळ आला. हातावर ताजे ओरखडे होते. "मी त्या गाडीसाठी वर्षभर थांबलो होतो. दुसऱ्या कुणी दारावर हात ठेवला असता तर भांडलो असतो. पण पुलावर छप्पर उघडलं तेव्हा तुमचा चेहरा बघितला आणि... मला गाडी बघायचं सुचलंच नाही. दया नाही हो. मी स्वार्थीपणा केला. म्हटलं, गाडी मी घेतली तर या पुन्हा कधी दिसणार नाहीत. यांनी घेतली तर कधी ना कधी पुलावरून जाताना दिसतील. रोज संध्याकाळी पुलावर जाऊन उभा असतो."

मी रोज दुसऱ्या रस्त्याने जात होते. पुलावरून एकटीने जायला नको वाटायचं म्हणून. हे त्याला सांगितलं तेव्हा तो इतका हसला, की कपाटावरच्या बोक्याने कान मागे पाडले.

"मग आता?" त्याने विचारलं.

"आता आधी बोका उतरवा. मी बाहेर थांबते. छप्पर उघडून."

तो आला तेव्हा ऊन कलत होतं. दार उघडून तो शेजारच्या सीटवर बसला. मी इंजिन चालू केलं. पुलावर वळताना त्याचा ओरखड्यांचा हात माझ्या हातावर आला, अगदी हलका, जखमी पाखरावर ठेवावा तसा.

"सावकाश चालव," तो म्हणाला.

चालवा नाही. चालव.

"का रे?" मी विचारलं.

"पूल छोटा आहे."